आमची वाटचाल : ठळक, तिरप्या स्लॅब सेरिफ अक्षरांची

कोल्हापुरात वडिलांनी ट्रेडल मशीनवर लग्नपत्रिका, हँडबिले आणि फुटबॉल सामन्यांची भित्तिपत्रके छापून सुरू केलेला आमचा व्यवसाय आज मुख्यतः जर्सी, खोकी आणि वाहनांवरील अक्षरांच्या कामावर उभा आहे. आणि या कामाचा कणा म्हणजे आम्ही स्वतः रेखाटलेला ठळक, तिरपा स्लॅब सेरिफ फॉन्ट. उभ्या दांड्याइतकेच जाड, चौकोनी पाय असलेली ही रोमन अक्षरे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये जाहिरातींसाठी पुढे आली आणि १८४५ साली लंडनच्या रॉबर्ट बेझली यांच्या फाउंड्रीने, म्हणजे छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने, ‘क्लॅरेंडन’ हा याच घराण्यातला फॉन्ट बाजारात आणला. लांबून वाचले जावे, हाच त्यांचा पहिल्यापासूनचा हेतू.

संगणक कोणतेही अक्षर क्षणात तिरपे करतो, परंतु तसे केल्यास ‘ओ’ची गोलाई उजवीकडे वर आणि डावीकडे खाली फुगते, उरलेल्या दोन बाजूंना ती बारीक होते. म्हणून प्रत्येक अक्षर हाताने दुरुस्त करण्याचे आम्ही ठरवले. लहान ‘एम’च्या (m) तिन्ही दांड्यांना दोन्हीकडे पाय दिले, तर आत पांढरी जागाच उरत नाही, त्यामुळे आतले पाय आम्ही काढून टाकले.

जर्सीवरील नावासाठी हा फॉन्ट मनापासून सुचवावा असाच आहे, कारण बारीक टोके धुण्याने सुटू लागतात, तर रुंद पाय कापडाला घट्ट धरून राहतो. गुळाच्या खोक्यांवर रबरी ठशाच्या दाबाने शाई पसरते, म्हणून तेथे ‘ए’ आणि ‘ई’ यांच्या पोटातील मोकळी जागा वाढवलेली आवृत्ती आम्ही वापरतो. वाहनाचे गणित वेगळे आहे. उजव्या बाजूवर अक्षरे धावण्याच्या दिशेला झुकतात. डाव्या बाजूवर मात्र तीच अक्षरे मागे ओढल्यासारखी दिसतात, आणि त्या बाजूसाठी आम्ही सरळ उभा जोडफॉन्ट तयार केला. औषधाच्या सूचना किंवा सलग मजकूर या फॉन्टमध्ये मागितल्यास आम्ही स्पष्ट नकार देतो. लहान आकारात ही अक्षरे भरून येतात आणि वाचणाऱ्याचे हाल होतात.

तोच जोर मराठीत हवा, असा आग्रह गिऱ्हाइकांनी धरला तेव्हा देवनागरीला उसने पाय जोडायचे नाहीत, हे आम्ही प्रथम निश्चित केले. शिरोरेघ मुळातच भक्कम आडवी पट्टी आहे. ती जाड ठेवून कान्याचे टोक चौकोनी कापले की पुरते. खरी मेहनत आहे ती खुणांची. अक्षर तिरपे होताच वरचे रफार व अनुस्वार उजवीकडे सरकतात आणि खालचे उकार डावीकडे. ‘सूर्यवंशी’ या एकाच नावात ऊकार ‘स’च्या खालून निसटू पाहतो, रफार ‘व’वर जाऊ पाहतो आणि अनुस्वार पुढच्या वेलांटीला भिडतो. अशा जोड्या सध्या आम्ही एकेक करून बसवत आहोत. पाठीवरच्या नावांत नेहमी येणारी आडनावे आधी हातात घेतली आहेत.