२००१ च्या मूल्यदराचे एक पान : प्लॉटवरील भांडवली नफ्याच्या कराचा माझा अनुभव

वर्धा जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी ले-आउटमध्ये १९९४ साली घेतलेल्या प्लॉटचे इसारपत्र झाले आणि विक्रीपत्राआधीच २३ जुलै २०२४ चा अर्थसंकल्प आला. जमीन-घरावरील दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर २० टक्क्यांवरून १२.५ टक्के झाला, पण इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरण्याची सोय) गेले. दर उतरला म्हणून शेजारीपाजारी खूश होते. मला मात्र घोर लागला, कारण जुन्या प्लॉटला दरापेक्षा इंडेक्सेशनच अधिक तारते. ऑगस्टमध्ये वित्त विधेयकात दुरुस्ती होऊन, त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमीन-घरासाठी निवासी व्यक्तींना दोन्ही पद्धतींपैकी कमी येणारा कर भरण्याची मुभा मिळाली, तेव्हा जिवात जीव आला. विक्रीपत्र त्यानंतर सुरळीत झाले.

घोडे अडले ते २००१ च्या किमतीवर. १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या मालमत्तेसाठी त्या दिवशीचे बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येते, परंतु जमीन-इमारतीच्या बाबतीत ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याहून अधिक चालत नाही. म्हणून नोंदणीकृत मूल्यांककाने त्या वर्षीच्या रेडी रेकनरचे (मुद्रांक मूल्य ज्यावरून ठरते त्या सरकारी दर-तक्त्याचे) पान मागितले. मला ते ऑनलाइन मिळाले नाही. नोंदणी कार्यालयात गेलो, तर "एवढा जुना कागद कोण ठेवते जी?" असे तोंडी उत्तर मिळाले आणि जिल्ह्याला जाण्यास सांगण्यात आले, जिल्ह्याने पुन्हा तालुक्याकडे बोट दाखवले. तोंडी विचारण्याने काहीही होत नाही, हे ध्यानात ठेवावे. मौजा, सर्व्हे क्रमांक, प्लॉट क्रमांक आणि वर्ष लिहून प्रमाणित प्रतीचा अर्ज दिला व पोच घेतली, तेव्हाच कपाट उघडले. तरीही हाती ठेवलेले पान हेक्टरी दराचे, म्हणजे शेतजमिनीचे निघाले. माझा प्लॉट अकृषक आहे, असे आदेशाची प्रत पुढे करून सांगितल्यावर त्याच तक्त्यातील चौरस मीटरच्या दराचे पान मिळाले. ते पान कार्यालयातच होते. एका ज्येष्ठ नागरिकाला त्यासाठी दोन गावांच्या मध्ये फिरवण्याचे काहीही कारण नव्हते, याचा संताप मला आजही आहे.

त्या पानाचे मोल आकड्यांत सांगतो. २००१ चे मूल्य २ लाख आणि विक्री ११ लाख धरली, तर इंडेक्सेशनविना ९ लाखांवर १२.५ टक्क्यांनी १,१२,५०० रुपये कर होतो. इंडेक्सेशनसह, २०२४-२५ च्या ३६३ या महागाई निर्देशांकाने (२००१ चा १०० धरून) तेच २ लाख ७,२६,००० होतात, आणि उरलेल्या ३,७४,००० वर २० टक्क्यांनी ७४,८०० रुपये. उपकर वेगळा. २०२४-२५ मधील विक्रीत किंमत २००१ च्या मूल्याच्या साधारण आठपटीच्या आत असेल, तर जुनी पद्धत स्वस्त पडते, त्यापुढे नवी. शेअर आणि इक्विटी म्युच्युअल फंडांना ही निवड नाही: तेथे सव्वा लाखांपुढील दीर्घकालीन नफ्यावर सरळ १२.५ टक्के, आणि वर्षाच्या आत विकल्यास २० टक्के.

आधीच सांगायला हवे होते ते आता सांगतो. "खेड्यातल्या जमिनीला कर नाही" हे वाक्य फक्त शेतजमिनीला लागू आहे, आणि तीही नगरपालिकेच्या हद्दीबाहेर ठरावीक अंतरापलीकडे हवी. दहा हजारांहून अधिक व एक लाखापर्यंत लोकसंख्येच्या गावासाठी ते अंतर सरळ रेषेत दोन किलोमीटर आहे. अकृषक आदेश झालेल्या प्लॉटला ही सवलत नाही. तेव्हा इसार घेण्यापूर्वीच २००१ च्या पानासाठी अर्ज टाकावा.