तुम्ही विचारलंत म्हणून: पामच्या वर्गीकरणात एवढं आहे तरी काय?

मी काय काम करते ते सांगितलं की पुढचा प्रश्न बहुतेक वेळा हाच येतो: "पाम तर सगळे सारखेच दिसतात. एक खोड आणि वर पानांचा झुपका. त्यांचं वर्गीकरण करण्यात अख्खी कारकीर्द कशी काय जाते?"

जाते, आणि तरी काम उरतं. नारळ, सुपारी, खजूर, ताड, वेत हे सगळे एकाच कुळातले. या कुळात सुमारे 2,600 जाती आहेत. कोलंबियातला एक मेण-पाम 60 मीटरपर्यंत वाढतो, तर काही पामांचं खोड जमिनीवर येतच नाही. वेत दुसऱ्या झाडांच्या आधाराने शंभर मीटरच्याही पुढे चढत जातो.

पण माझा जीव जडला तो आकारांमुळे नाही, पानाच्या दुमडीमुळे. नारळाची पाती मधल्या दांड्याला जिथे चिकटते, तिथे ती आडवी कापून बघा. दुमड छपरासारखी असते, दोन्ही बाजू खाली उतरलेल्या. खजुराची पाती तशीच कापली तर दुमड पन्हळीसारखी वर उघडलेली दिसते. लांबून खजुराचं पान नारळाच्या जवळचं वाटतं, पंख्यासारख्या पानाच्या ताडाशी त्याचं काही नातं असेल असं मनातही येत नाही. प्रत्यक्षात खजूर आणि ताड एकाच उपकुळातले, नारळ दुसऱ्या.

भेर्ली माडाने, म्हणजे माशाच्या शेपटीसारख्या पात्यांच्या पामाने, तर जाणत्यांनाही बराच काळ चकवलं. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मूर यांनी जगभर हिंडून पामच्या प्रजातींचा अभ्यास केला. 1980 मध्ये ते गेले. त्यांच्या कामाच्या आधारावर नॅटली उल आणि जॉन ड्रान्सफील्ड यांनी 1987 मध्ये 'जेनेरा पामारम' हा पामच्या प्रजातींवरचा ग्रंथ पुरा केला. त्यात भेर्ली माड आणि त्याचे सोबती नारळ-सुपारीच्या उपकुळात होते. कारण भक्कम होतं: दोन नरफुलं आणि मधे एक मादीफूल असे तिघांचे गट दोन्हीकडे सापडतात. दुमड मात्र पन्हळीची, खजुरासारखी. पुढे डीएनएचे पुरावे आले आणि 2008 च्या आवृत्तीत हा गट खजूर-ताडाच्या उपकुळात गेला. दुमडीची साक्ष खरी ठरली. मला ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगाविशी वाटते, कारण कुठलं लक्षण नात्याचं आणि कुठलं निव्वळ साम्याचं, हे ठरवणं म्हणजेच आमचं काम.

जाती नीट कळायला एवढा वेळ का लागला, त्याचं एक कारण अगदी साधं आहे. पाम गोळा करायला अवघड. हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा, कागद हातभर लांब, आणि पान कधी कधी माणसाच्या तिप्पट-चौपट. मग पानाचं बूड, मधला भाग आणि शेंडा असे तुकडे घ्यायचे. त्याआधी खोडाची उंची आणि जाडी, पानांची संख्या, दांड्याची लांबी, एका बाजूच्या पात्या हे सगळं जागेवरच मोजून लिहायचं. फुलोरा तोडण्याआधी त्याचा फोटो. वेत असेल तर काटेरी आवरण जपून सोलायचं, कारण काट्यांची रचना हीच बऱ्याचदा ओळख असते. वेतांत बहुधा नरझाड वेगळं, मादीझाड वेगळं, तेव्हा दोन्ही शोधायची. नोंद त्याच दिवशी झाली नाही तर वाळलेला तुकडा पुढच्या अभ्यासकाला फारसं काही सांगू शकत नाही. म्हणूनच अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ पामला वळसा घालून पुढे गेले.

"आता नवीन काय सापडणार?" असंही विचारतात. मादागास्करमधला ताहिना हा प्रचंड पाम 2008 मध्ये पहिल्यांदा शास्त्रात नोंदला गेला. तो एकदाच फुलतो आणि मरतो. 2023 मध्ये बोर्निओतल्या पिनांगा प्रजातीच्या एका पामचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्याची फुलं आणि फळं जमिनीखाली येतात. शास्त्राला तो नवा असला तरी तिथल्या लोकांच्या तो ओळखीचा होता, ते त्याची फळं खात होते. नवा पाम शोधायचा तर आधी रानात वावरणाऱ्यांना विचारावं, असं मला ठामपणे वाटतं. त्यांचं श्रेयही शोधनिबंधात स्पष्ट लिहिलं जावं.

आणि घाई आहे. मादागास्करच्या पामांपैकी 80 टक्क्यांहून अधिक जाती धोक्यात आहेत. ज्या जातीला नाव नाही, तिची धोक्याच्या यादीत वेगळी नोंदच होत नाही.

या क्षेत्रात यावं का, असं विद्यार्थी विचारतात तेव्हा मी नोकऱ्या थोड्या आहेत हे आधी सांगते: हर्बेरियम, वनस्पती उद्यानं, विद्यापीठं, बस. डीएनएचं तंत्र शिकावंच लागेल, पण रेखाचित्र काढणंही शिका, कारण फुलाच्या छेदाचं चित्र काढताना जे दिसतं ते फोटोत निसटून जातं. आणि वेतांपासून सुरुवात करा. पामच्या कुळात सर्वांत जास्त जाती त्यांच्यात आहेत, आणि त्यातल्या कित्येकींची पूर्ण फुलं-फळं अजून कुठल्याच संग्रहात नाहीत.