भाऊमामांचा डोळा

भातकापणीत पातीचा फटकारा डोळ्याला लागला, तर पेडण्याच्या आमच्या भाऊमामांनी काय करावं? दुकानातून लाली घालवणारे थेंब आणले. त्यात स्टिरॉइड. सुरुवातीला बरं वाटलं, मग डोळा उघडेना. मी लॅबमध्ये, म्हणून फोन मला.

कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, करडा, पिसासारख्या कडांचा डाग आणि खाली पुवाची पांढरी रेघ. डॉक्टरांनी खरवडून दिलेला कण पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवला, तर काचेवर फांद्या फुटलेले तंतू लख्ख दिसले. बुरशीच.

ती पांढरी रेघ मात्र मुख्यतः आपल्याच पेशींची. बुरशीच्या पेशीभिंतीतलं बीटा-ग्लुकन हे शर्करेचं संयुग आपल्या पेशींवरचा डेक्टिन-१ हा ग्राही (खूण ओळखणारं प्रथिन) ओळखतो, संदेश जातात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात. तंतू गिळायला फार लांब, मग ते विकरं आणि ऑक्सिजनची जहाल संयुगं बाहेर ओततात. बुरशी मरते, पण कॉर्नियाला बळकटी देणारं कोलॅजन हे प्रथिनही विरघळतं, वण राहतो. स्टिरॉइडने ही फौज दबते, लाली ओसरते आणि बुरशीला रान मोकळं. असे थेंब चिठ्ठीशिवाय देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

आता नॅटामायसिन ५ टक्के, हे बुरशीविरोधी थेंब, तासातासाला. फ्युजेरियम या बुरशीवर ते व्होरिकोनाझोल या दुसऱ्या बुरशीविरोधी औषधापेक्षा सरस, हे दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांतल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं होतं. रात्रीही थेंब घालायचे म्हटल्यावर मामा कुरकुरले. मामी म्हणाल्या, "तुम्ही झोपा, गजर मी लावते."