पिकअपचा हॉर्न: रिले नवा, वायर मात्र जुनीच

पिकअपला जादा हॉर्न बसवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, असे ज्या दुकानदाराने मला गल्ल्यावर बसून सांगितले, त्याच्याच दुकानापुढे मी दुपारच्या दुपारी काढल्या, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ओतूरहून टोमॅटोचे क्रेट भरून रात्री माळशेज घाट उतरून कल्याणच्या बाजारात जायचे, हा आमचा हंगामातला नित्यक्रम आहे. पावसाळ्यात घाटात धुके उतरले की हेडलाइटचा फारसा उपयोग राहत नाही आणि वळणापलीकडच्या गाडीला आपण आहोत हे कळवायला हॉर्नखेरीज दुसरे साधन नसते. माझ्या गाडीचा कंपनीचा हॉर्न एकच, चपटा, आणि त्याचा आवाज काचा वर करून येणाऱ्या ट्रकवाल्यापर्यंत पोहोचतच नव्हता. त्यामुळे शंखासारख्या आकाराची, बारा व्होल्टची विंडटोन हॉर्नची जोडी घेतली. त्यातला एक जाड सुराचा आणि एक बारीक सुराचा असतो आणि दोन्ही एकाच वेळी वाजतात. खरेदीत काही अडचण आली नाही.

दुकानदाराचा आग्रह प्रेशर हॉर्नचा होता. पिकअपला मोठ्या ट्रकसारखी हवेच्या ब्रेकची टाकी नसते, त्यामुळे प्रेशर हॉर्नसाठी वेगळा कॉम्प्रेसर बसवावा लागतो, हे त्याने सांगितले नाही. कायद्याचे तर नावही काढले नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ११९ प्रमाणे एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारा किंवा कर्कश, दचकवणारा हॉर्न गाडीला लावता येत नाही. दोन सूर एकत्र वाजणारी जोडी त्यात अडकत नाही. हॉर्न विनाकारण वाजवला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४एफ खाली पहिल्या वेळी १००० आणि पुढच्या वेळी २००० रुपये दंड आहे, तो वेगळाच.

आता मुख्य गोष्ट. हॉर्न सोपवताना मी वायरमनला स्पष्ट सांगितले होते की रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, टाकूनच जोडणी करायची. विंडटोनची जोडी मिळून साधारण दहा अँपिअर करंट ओढते. कंपनीची वायर आणि स्टेअरिंगवरचे बटण एका लहान हॉर्नच्या हिशेबाने दिलेले असते, म्हणून बटणाने फक्त रिले चालवायचा आणि हॉर्नना करंट थेट बॅटरीवरून द्यायचा, हा साधा हिशेब आहे. त्याने मान डोलावली, गाडी परत दिली, बिलावर रिलेचे पैसे लावले. बॉनेट उघडले तर काळा चौकोनी रिले खरोखरच टेपने गुंडाळून टांगलेला दिसत होता.

दिवसा, इंजिन चालू असताना, आवाज बरा वाटला. रात्री हेडलाइट आणि वायपर चालू करून हॉर्न दाबला तर तो घोगरा, दमल्यासारखा वाजू लागला. गाडी घेऊन पुन्हा दुकानात गेलो. तिथे वायरमन कायम दुसऱ्याच गाडीखाली आडवा झालेला असे आणि मालक फोनवर. "शेठ, बॅटरी डाऊन झालीय, नवी टाका," हे वायरमनचे पहिले निदान. बॅटरी पुरती वर्षाचीही झालेली नव्हती. पुढच्या वेळी निदान बदलले: हॉर्न सेट नाही. असे म्हणून त्याने हॉर्नच्या पाठीमागचा लाखेने बंद केलेला स्क्रू पाना लावून फिरवला, आणि जाड सुराचा हॉर्न नुसता खडखडू लागला. तो स्क्रू कंपनीत सूर जुळवून बंद केलेला असतो आणि त्याला हात लावायचा नसतो, हे हॉर्नच्या खोक्यातल्या कागदावर छापलेले होते. मी तो कागद पुढे केला तेव्हा तो म्हणाला, "कागदावर सगळंच लिहितात." रिलेबद्दल विचारले तर त्याचे एकच उत्तर: "बसवलाय की! कान लावून ऐका, टिक वाजतंय." टिक वाजत होते हे खरे होते, आणि म्हणूनच त्याच्याशी वाद घालणे अवघड होते. प्रत्येक वेळी "चहा घ्या, बघतो" म्हणून बाकड्यावर बसवायचे आणि संध्याकाळी "उद्या या" म्हणायचे, ही त्या दुकानाची रीतच असावी. इकडे भरलेले क्रेट उन्हात, आणि मी बाकड्यावर.

शेवटी आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स केलेल्या माझ्या पुतण्याने घरीच मीटर लावला. इंजिन बंद ठेवून बॅटरीवर १२.६ व्होल्ट येत होते; हॉर्न दाबून धरल्यावर हॉर्नच्या टोकाशी जेमतेम ९.४. मग त्याने टेप सोडून एकेक वायर बोटाने धरून मागे नेली. रिलेला करंट बॅटरीवरून आलेलाच नव्हता. कंपनीच्या जुन्या हॉर्नची बारीक वायर तोडून तिचेच दोन फाटे काढले होते: एक रिले चालवणाऱ्या कॉइलला आणि दुसरा ३० नंबरच्या, म्हणजे हॉर्नचा करंट आत घेणाऱ्या, पिनला. म्हणजे रिले टिक करत होता, पण हॉर्नचा सगळा भार पुन्हा त्याच वायरीवर आणि त्याच बटणावर पडत होता. "काका, ही तर विहिरीवर पाच एचपीची मोटर बसवून पाणी अर्ध्या इंची पाइपातून काढण्याची गत," असे तो म्हणाला, आणि मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणाचे तरी बोलणे पटले.

जोडणी आम्ही नव्याने केली. बॅटरीच्या प्लसवरून अडीच स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरीजवळच २० अँपिअरचा फ्यूज, तिथून ती रिलेच्या ३० नंबरला. ८७ वरून, म्हणजे करंट बाहेर देणाऱ्या पिनवरून, दोन्ही हॉर्नना. जुन्या हॉर्नच्या दोन्ही वायरी कॉइलच्या ८५ आणि ८६ वर. साध्या रिलेत या दोन वायरींची अदलाबदल चालते; आत डायोड असलेला रिले असेल तर चालत नाही. रिलेला मधली पाचवी पिन, म्हणजे ८७ए, असेल तर ती मोकळी सोडावी, कारण हॉर्न चुकून तिच्यावर जोडले तर फ्यूज बसवताक्षणी बटण न दाबताच बोंबलत राहतील. हॉर्नच्या अर्थिंगसाठी पट्टीच्या बोल्टवर भरवसा ठेवला नाही. चासीवरचा रंग पॉलिश पेपरने घासून, लोखंड चकाकेपर्यंत साफ करून तिथे वेगळी वायर घट्ट केली. मीटरवर १२.१ व्होल्ट दिसले आणि अंगणात आवाज असा घुमला की शेजारच्या गोठ्यातली जनावरे उठून उभी राहिली. मला मनापासून आनंद झाला, हे लपवत नाही.

बिघडवलेल्या हॉर्नच्या जागी नवा घ्यावा लागला. त्याचे पैसे दुकानाने दिले नाहीत आणि रिले जोडण्याची मजुरीही परत केली नाही. म्हणून दुकानात काम करून घेणार असाल, तर पैसे देण्यापूर्वी बॉनेट उघडून बॅटरीच्या प्लसपासून नवी जाड वायर निघाली आहे का आणि तिच्यावर फ्यूज आहे का, एवढे डोळ्यांनी पाहावे. कंपनीच्या वायरीच्या टोकाचा कपलर, म्हणजे जोडणीचा प्लग, तोडू देऊ नये. त्याच मापाचा दुसरा कपलर बाजारात मिळतो, आणि तो वापरला तर गाडी वॉरंटीत असताना कंपनीशी वाद होण्याची शक्यता कमी. हे मी आधीच सांगायला हवे होते: हॉर्नचे तोंड खाली किंवा थोडे तिरके ठेवावे, नाहीतर पावसाचे आणि गाडी धुतानाचे पाणी शंखात साचते. तसेच हॉर्न जाळीला किंवा बंपरला टेकता कामा नये, पट्टीवर मोकळाच राहिला पाहिजे. टेकला की आवाज दबतो.

फिटनेसला गाडी नेली तेव्हा निरीक्षकाने हॉर्न एकदा दाबून पाहिला आणि पुढे लाइट तपासायला घेतले. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत हे प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते, म्हणून पुढे कोणी हरकत घेतली तर परत लावता यावा यासाठी कंपनीचा जुना हॉर्न मी टाकलेला नाही. तो सीटमागे टूलबॉक्समध्ये ठेवला आहे. पावसाळा संपला की रिलेच्या पिना काढून पुसायच्या आणि थोडी पेट्रोलियम जेली लावून परत बसवायच्या, एवढी देखभाल पुरते.