हरण्याचा खांदा

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सहा दिवस झाले, बघतेय. तुंगच्या अलीकडं शेतातली वाट डांबरीला चढते, तिथं ती उसाची टायरगाडी साडेनऊच्या सुमारास हमखास भेटते. मला पतसंस्थेत पोचायची घाई, तिला साखर कारखान्यात. उजवीकडच्या बैलाच्या मानेवर, जू टेकतं तिथं, गेल्या गुरुवारी लिंबाएवढी गाठ होती. आज ती फुटलीय. वर काळं ऑइल फासलंय आणि त्याखालून लाल मांस दिसतंय. चढाला गाडी अडली की बाई पळत जाऊन चाकामागं दगड लावते, गडी कासरा ओढतो आणि बैल मान खाली घालून तिरका तिरका होत जातो. माश्या उडतात, परत बसतात.

आज स्कूटर बाजूला घेऊन व्हिडिओ काढला. ऑफिसात पोचेपर्यंत स्टेटसला टाकायचं ठरवलं होतं, वर काय लिहायचं तेही डोक्यात तयार होतं. टाकला नाही. चांगुलपणा म्हणून नाही, बँकेची तपासणी होती, विसरले.

संध्याकाळी आण्णांना दाखवला. सासऱ्यांनी चाळीस वर्षं बैल ठेवले, आता गोठ्यात एक म्हैस आहे फक्त. त्यांनी एकदाच बघितला. "जोड उंचीला नाही. बुटक्याकडं जू कलतंय, सगळं वजन त्याच्या खांद्यावर. आणि हे आठ दिवसांचं नव्हं, आधी सूज आली आसंल, तवाच बसवायला पायजे हुता." मग मोबाइल परत देत म्हणाले, "कुठलं हायती? बीडकडचं?"

मला माहीत नव्हतं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आपल्या भागात कारखान्यांच्या बैलांवर उपचार करणारी एक संस्था आहे, तिचा नंबर ऑफिसातल्या शिपायानं दिला. दुपारी जिन्यात जाऊन फोन केला. जिन्यात का, तर आमच्या पतसंस्थेचे निम्मे सभासद कारखान्याचे सभासद. शेजारच्या टेबलवरच्या बाईंनी सकाळीच सुनावलं होतं, "कशाला त्या वाटेला जाताय?"

पलीकडच्या माणसानं एकामागून एक विचारलं. गाडी नेमकी कुठं दिसते, किती वाजता. जखम ओली आहे की खपली धरलीय. बैल खातो का, बसला तर आपणहून उठतो का. गाडीवर नंबर रंगवलेला असतो, तो घेतला का. मी नुसती जखम बघितली होती. नंबर नाही, गाडीतळ, म्हणजे त्यांचा मुक्काम, कुठं ते नाही, काही नाही. शेवटी तो म्हणाला, "ताई, त्या गाडीवानाशी बोललात का?"

"नाही."

"बरं." एवढंच. टोमणा नव्हता, पण मला लागला. व्हिडिओ कुठं टाकू नका, म्हणाला. व्हायरल झालं की गाडीवान बैल लपवतो, नाहीतर मिळेल त्या गिऱ्हाइकाला विकून टाकतो, आणि मग बैल संस्थेच्या हातातून जातो. माझं नाव गुप्त राहील हेही त्यानं न विचारता सांगितलं. मला हायसं वाटलं, आणि वाटलं याचं जरा विचित्रही वाटलं.

रात्री कायदा शोधून वाचला. १९६०चा आहे. जखमी, कामाला नालायक झालेलं जनावर जुंपणं हा कलम ११ खाली गुन्हा. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. दोनदा वाचलं, पन्नासच. पासष्ट वर्षांत आकडा हललेला नाही. गुन्हाही अदखलपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय पोलीस कुणाला अटक करू शकत नाहीत. त्याच कायद्याखाली १९६५चे नियम आहेत: दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही, सलग पाच तासांवर नाही, पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन अजिबात नाही. हे लिहिणाऱ्यानं कारखान्याच्या वजनकाट्यावरची गाड्यांची रांग बघितली असेल का? नंबर लागेपर्यंत चार-चार तास बैल जुंपलेलेच उभे असतात.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

संस्थेवाल्यांना गाडीतळ सापडेना. परत फोन, "ताई, जरा रस्ता दाखवायला याल का?" झालं गुप्त.

ओढ्याच्या कडेला वीस-पंचवीस कोप्या, पाचटाच्या झोपड्या. गाड्या आडव्या लावलेल्या, बैल वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, खात होते, चुलींचा धूर. चढावरची बाई ओळखू आली, भाकरी थापत होती. पाथर्डीकडची माणसं निघाली. आण्णांचा अंदाज थोडक्यात हुकला.

डॉक्टर पोरगेलासा होता. आधी बैलाशी बोलला, मग मालकाशी. कायद्याचा एक शब्द काढला नाही. "नाव काय ह्याचं?" "हरण्या." डॉक्टरनं गाठीच्या कडेनं बोटं दाबत नेली तशी हरण्याची कातडी मानेपासून पाठीपर्यंत थरथरत गेली. पण पाय हलवला नाही, कान तेवढे मागं टाकले. ऑइल धुवायलाच अर्धा तास लागला. आत पू होता. तो निघाला तेव्हा मी तोंड फिरवलं. गडी दोन्ही हातांनी वेसण धरून त्याच्या कपाळाला कपाळ टेकून उभा होता, तो हलला नाही.

"पंधरा दिवस जू लावायचं नाही," डॉक्टर म्हणाला.

"पंधरा दिस?" गडी हसला. "साहेब, उचल फिटायची हाये आजून. जोडी पंच्याऐंशी हजाराची, ती बी उचलीतूनच घेतली. गाडी हुभी ऱ्हायली तर मुकादम काय मला हळद लावंल का?"

उचल म्हणजे मुकादमाकडून, मजूर आणणाऱ्या ठेकेदाराकडून, हंगामाआधी घेतलेले पैसे. मग बराच वेळ नुसता हिशेब चालला. आठ दिवसांवर आले. शेजारच्या कोपीतल्याचा एक बैल सुट्टा होता, कारण त्याचा जोडीदार थंडीत मेलेला. तो भाड्यानं घ्यायचा, उंचीलाही तो जवळ होता. बाकी संस्थेकडून मलम, इंजेक्शनं आणि जुवाखाली बांधायची गादी. मी कधी विचारच केला नव्हता की सुट्टीवर बैल पाठवायचा तर आधी बदली बैल शोधावा लागतो. आमच्या ऑफिसात माणसासाठी तेवढं कुणी करत नाही.

निघताना बाईनं हाताचं पीठ झटकत विचारलं, "ताई, फोन तुमीच केला व्हता का?"

"नाही नाही, मी यांना फक्त रस्ता दाखवायला आले."

ती भाकरी उलटत म्हणाली, "ज्यानं केला त्यानं आदी आमाला तरी इचारायचं. रोज रस्त्यावरच तर असतो आमी."

मंगळवार, २५ फेब्रुवारी

हरण्या नवव्याच दिवशी जुंपला. खपली धरलीय, गादी बांधलीय, गाडी निम्मीच भरलेली. डॉक्टर दोनदा येऊन गेला म्हणे. त्या बाईनं आज चढावर मला बघून मान हलवली, मीही हलवली. तिला माहीत आहे का? स्कूटर थांबवून सांगावं असं रोज वाटतं. रोज साडेनऊ वाजलेले असतात.

आण्णांना म्हटलं, मी खोटं बोलले. ते म्हशीला पेंड भिजवत होते. म्हणाले, "मी बी एका बैलाचा खांदा असाच फुटू दिला हुता, बहात्तरच्या दुष्काळात. तवा कुणी फोन केला असता तर मी काठी घिऊन धावलो असतो." बैलाचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

परत येताना डिग्रजजवळ दुसरी गाडी. तरणा पोरगा, हातातल्या पराणीच्या टोकाला खिळा, बैलाच्या पुठ्ठ्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी रक्त. या वेळी थांबले. म्हटलं, "दादा, खिळा काढ की तेवढा." त्यानं माझ्याकडं न बघता सांगितलं, "तुमी जावा गप." मागच्या गाडीवरचे दोघं हसले.

घरी येऊन संस्थेला फोन लावला. त्यानं आवाज ओळखला. "तुंगच्या ताई ना?" म्हटलं, हो, आणि पूर्ण नाव सांगितलं. त्यानं लिहून घेतलं की नाही कळलं नाही. त्याचा पुढचा प्रश्न आलाच होता, गाडीचा नंबर काय. तो या वेळी मी हातावर पेनानं लिहून आणला होता.