पहाटे साडेपाचची मोजणी

पुण्याचा सायकल आराखडा डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झाला. सायकल मार्गांचं जाळं कागदावर आहे. पण हातातल्या पैशात त्यातला कोणता तुकडा आधी घ्यायचा, ते रस्त्यावर उभं राहिल्याशिवाय ठरत नाही. एका पहाटेच्या मोजणीने मला हे कायमचं पटवलं.

निवड दोन रस्त्यांत होती. एक ३० मीटर रुंद, ऐसपैस. दुसरा औद्योगिक वसाहतीकडे जाणारा, जेमतेम १८ मीटरचा. यादीत पहिला वर होता, कारण जागा भरपूर आणि विरोध कमी. मोजणीची नेहमीची वेळ सकाळी ८ ते ११. ती साडेपाचला सुरू करायचा आग्रह मी धरला, कारण पहिल्या पाळीची माणसं सातच्या आत कामावर पोचतात. दर १५ मिनिटांना नवी ओळ, प्रत्येक वाहनाला वेगळा रकाना. बायका आणि शाळकरी मुलं वेगळी टिपायची. सायकलवर तीच दिसत नसतील, तर रस्ता धोक्याचा समजावा.

अरुंद रस्त्यावर सव्वासहालाच सायकलींचा रकाना भरला. उरलेल्या रेघा कागदाच्या मागे ओढाव्या लागल्या. हँडलला डब्याची पिशवी अडकवलेले कामगार, रात्रपाळी करून परतणारे रखवालदार. आठला आलो असतो तर यांतलं कुणीच सापडलं नसतं.

एका चेंबरपाशी मात्र जो तो सायकलवाला खाली न बघताच उजवीकडे सरकत होता. वाकून पाहिलं, तर जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्याच दिशेने बसवलेल्या. चाक थेट फटीत जाणार. रोजच्यांना ती जाळी पाठ आहे. मागून येणाऱ्या बसचालकाला सायकल अचानक मध्ये का आली, ते कसं कळणार? चौकोनी जाळी काटकोनात फिरवून बसवायची, एवढंच काम. त्यासाठी सायकल मार्गाची वाट बघू नये.

उजाडल्यावर टेप लावली. दोन्ही बाजूंना प्रत्येकी २ मीटर पदपथ, २ मीटर सायकल मार्ग आणि त्याला वाहनांपासून वेगळं करणारा अर्धा मीटर कठडा धरला की १८ पैकी ९ मीटर उरतात. वाहनांना साडेसहा, बाकी अडीच मीटरमध्ये एकाच बाजूला पार्किंग. म्हणजे मार्ग बसतो, पण दुसऱ्या बाजूचं पार्किंग जातं. खरा वाद तिथेच होतो, म्हणून दुकानदारांशी बोलणी निविदेच्या आधी हवीत. बोलार्डवर, म्हणजे वाहनं अडवायला रोवलेल्या खुंटांवर, भिस्त ठेवू नये: ९० सेंटीमीटरच्या फटीतून व्हीलचेअर जाते, तशी दुचाकीही जाते. बोलार्डने फक्त गाड्या आणि रिक्षा अडतात.

सर्वांत वाईट जागा चौकाची. मार्ग चौकाच्या अलीकडेच संपवला, तर जिथे धडक होण्याची भीती जास्त, तिथेच सायकलवाला उघड्यावर पडतो. मधला किलोमीटर कितीही गुळगुळीत करा, लोक तो टाळतात.

दुपारी मोजणीचा तक्ता आणि जाळीचा फोटो फायलीला लावला. अरुंद रस्ता यादीत वर नेला आणि शेरा लिहिला: सुरुवात चौकापासून.