आमची वाटचाल: डब्यातलं पाळणाघर

२००९ साली कुडाळ एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही ग्रिल, गेट आणि पत्र्याच्या शेड करायला लागलो. पहिल्या बारा वर्षांत सांगण्यासारखं फार नाही. आगोटीआधी ज्याला त्याला शेड हवी, आणि जून लागला की गाळ्यात कुणी फिरकत नसे. कारागिरांना चार महिने सांभाळायचं कसं, हीच दरवर्षीची विवंचना.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात आमच्याच गाळ्याचे पत्रे उडाले. दोन तर शेजारच्या वाडीत माडाला अडकलेले मिळाले! जोत्यात बोल्टने आवळलेला सांगाडा मात्र तसूभर हलला नव्हता. भिंती, वायरिंग, नळ यांच्यासकट अख्खी खोलीच पावसाळ्यात गाळ्यात तयार करावी आणि उघडीप मिळाली की नेऊन जोत्यावर आवळावी, हे तेव्हा मनाने घेतलं. साइट ऑफिससारखी उचलून न्यायची नाही, कायमची.

पहिलं मोठं काम आलं २०२२ मध्ये, वेंगुर्ल्याकडच्या एका काजू कारखान्याचं. तीसपेक्षा जास्त बायका कामाला असल्या तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं, असं १९४८ चा कारखाने कायदा सांगत होता. शेठना ते चतुर्थीआधी हवं होतं. चिऱ्याचं बांधकाम भर पावसात कोण घेणार? जोतं मेमध्येच बांधून घेतलं आणि २० बाय ८ फुटांच्या चार खोल्या गाळ्यात सुरू केल्या. आठ फुटांच्या वर गेलो असतो तर वाडीच्या रस्त्यात ट्रकच अडकला असता.

खाऱ्या वाऱ्याला नुसता रंग पुरत नाही, म्हणून सांगाड्याचे भाग घाटावर पाठवून गॅल्वनाइझ करून, म्हणजे जस्ताचा मुलामा देऊन आणले. सगळं वेल्डिंग आणि भोकं आधीच उरकावी लागतात, कारण नंतर वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं आणि गंज नेमका तिथूनच धरतो. बंद पाइपला हवा जायला भोक ठेवलं नाही, तर वितळलेल्या जस्ताच्या कढईत तो फुटूही शकतो.

खोल्या बघायला आलेली एक बाई सरळ म्हणाली, "ह्या डब्यात पोरां उकडतली मगे!" छप्पर दुहेरी होतं, मध्ये उष्णता आणि आवाज अडवणारं रॉकवूल, बाहेर तीन फुटांची वळचण. मला धास्ती होती ती पावसाच्या आवाजाची. छपरावर होजपाइपने पाणी सोडून आत माझ्या भाचीला झोपवून पाहिलं. झोपली.

हायड्रा क्रेनने पहिली खोली ठेवली आणि दारच लागेना. जोत्याचा एक कोपरा १८ मिलिमीटर खाली. चिऱ्याच्या भिंतीत एवढं गिलाव्यात जिरतं, लोखंडाच्या चौकटीत नाही. चूक माझी, मी पातळी तपासायला गेलोच नव्हतो. प्लेटा घालून, फटीत सिमेंटचं ग्राउट भरून निभावलं. पुढच्याच सरीत दोन खोल्यांचा सांधा गळला. तेव्हापासून प्रत्येक सांध्यावर पत्र्याची टोपी घालतो.

हे चिऱ्यापेक्षा स्वस्त पडतं, असं मी कुणालाही सांगत नाही. पण चतुर्थीच्या आठ दिवस आधी पाळणाघर सुरू झालं.

मुलांना बाहेरचं दिसावं म्हणून खिडक्या दीड फुटावर घेतल्या होत्या. मला त्यांचं फार कौतुक. पहिल्याच दिवशी मुलांना अंगणातून जाणाऱ्या आपापल्या आया दिसल्या आणि एकजात सगळ्यांनी भोकाड पसरलं. कारखान्याकडच्या काचांना दुसऱ्या दिवशी खालून दोन फूट दुधी कागद लावला.